आजीचे शब्द, नातवंडांचे खेळ

रविवारची सकाळ. गावाहून आलेली आजी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत शिकणारा नातू शेजारी येऊन बसतो. आजी म्हणते, "बाळा, ती परात जरा इकडे सरकव आणि देठं सुपात टाक." नातू आधी आजीकडे पाहतो, मग आईकडे. 'परात' त्याने कधी ऐकलेली नाही, 'देठ' म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि 'सूप' म्हणजे त्याच्या लेखी वाटीतून प्यायचा गरम पदार्थ! आई हसून सांगते, "अरे, ते मोठं ताट दे आजीला." काम होऊन जाते. तीन शब्द मात्र जिथल्या तिथे राहतात.

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतील असंख्य मराठी घरांत थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते. या घरांतील मुलांना मराठी येत नाही, असे म्हणता येणार नाही. ती मराठीत बोलतात, भांडतात, हट्टही करतात. पण रोजच्या वापरातील काहीशे शब्दांपलीकडे त्यांची मराठी जात नाही आणि आजी-आजोबांशी गप्पा मारताना दर वाक्यागणिक दुभाषा लागतो. हा दुरावा केवळ भाषेचा राहत नाही, तो पुढे नात्याचाही होतो. म्हणूनच मुलांच्या हाती त्यांचे शब्द परत कसे द्यायचे, हा प्रश्न अनेक पालकांना आणि शिक्षकांना पडतो आहे. त्याचे एक उत्तर फार जुने, फार स्वस्त आणि मुलांच्या आवडीचे आहे. ते म्हणजे खेळ.

क्रियापदांची गळती

भाषेतील शब्द कमी होतात तेव्हा आधी नामांकडे लक्ष जाते. 'खिडकी'ऐवजी 'विंडो' म्हटले की ते लगेच कानाला खटकते. परंतु खरी गळती क्रियापदांत होत असते आणि ती चटकन लक्षात येत नाही. 'कांदा कट कर', 'बटाटा पील कर', 'सगळं मिक्स कर' या वाक्यांत एकटे 'करणे' सगळ्यांचे काम करते. मराठी स्वयंपाकघरात मात्र भाजी निवडतात आणि चिरतात, बटाटा सोलतात, नारळ खवतात, गाजर किसतात, लसूण ठेचतात, पीठ मळतात, पोळी लाटतात, दूध विरजतात, ताक घुसळतात, भात कालवतात आणि धान्य पाखडतात. प्रत्येक क्रियापदात हाताची एक वेगळी हालचाल दडलेली आहे. शब्द गेला की त्या हालचालींमधला फरक सांगण्याची सोयही जाते.

येथे इंग्रजी शब्दांचा विटाळ मानण्याचे कारण नाही. टेबल, पेन, मोबाइल हे शब्द आता मराठीचेच झाले आहेत. फारसी, पोर्तुगीज आणि कानडी शब्द मराठीने पूर्वीही असेच आपलेसे केले. नवा शब्द येण्याने भाषा गरीब होत नाही. जुना शब्द हाताशी असूनही तो ओळखीचा राहत नाही, तेव्हा ती गरीब होते.

दुसरी अडचण लिंगांची. मराठीत तो, ती आणि ते अशी तीन लिंगे आहेत आणि निर्जीव वस्तूंची लिंगे कोणत्याही सोप्या नियमाने सांगता येत नाहीत. दरवाजा 'तो', खिडकी 'ती' आणि दार 'ते'. हे पाठ करून येत नाही, शेकडो वेळा कानावर पडून अंगवळणी पडते. तिसरी अडचण सामान्यरूपाची. 'दूध' आणि 'त' मिळून 'दूधत' न होता 'दुधात' होते, 'घोडा'चे 'घोड्याला' होते. सतत मराठी ऐकणाऱ्या मुलाला हे कोणी शिकवावे लागत नाही. ज्याच्या कानावर मराठी दिवसाकाठी थोडीच पडते, त्याला मात्र ते ऐकण्या-बोलण्याच्या जादा संधी मुद्दाम द्याव्या लागतात.

खेळच का?

लहान मूल नवा शब्द आश्चर्यकारक वेगाने टिपते. सुझान केरी आणि एल्सा बार्टलेट या अमेरिकन संशोधकांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. तीन-चार वर्षांच्या मुलांना दोन तबके दाखवून, 'त्या दुसऱ्या रंगाचे नको, क्रोमियम तबक आण' असे सहज सांगण्यात आले. 'क्रोमियम' हा शब्द मुलांना अपरिचित होता. तरीही मुलांनी अंदाजाने योग्य तबक आणले आणि काही दिवसांनंतरही अनेकांच्या मनात त्या शब्दाची काही ना काही खूण उरली होती. मात्र अर्थ पक्का झालेला नव्हता. याचा बोध असा, की शब्दाची पहिली ओळख क्षणात होते, परंतु मैत्री व्हायला तो पुन:पुन्हा, वेगवेगळ्या प्रसंगी भेटावा लागतो.

हीच पुनरावृत्ती वहीत केली की तिची शिक्षा होते आणि खेळात केली की गंमत होते. 'परात' हा शब्द दहा वेळा लिहून काढायला सांगितला तर मूल कंटाळते, पण दहा चित्रांत दडलेली परात शोधायची असेल तर तोच शब्द ते आनंदाने दहा वेळा उच्चारते.

दुसरे कारण आठवण्याच्या प्रक्रियेत आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा तो न पाहता आठवून सांगण्याचा प्रयत्न केला, तर काही दिवसांनंतर तो अधिक लक्षात राहतो. शब्दांच्या बहुतेक खेळांचा गाभा हाच असतो. 'ओळख पाहू' म्हटले की मुलाला शब्द आठवावाच लागतो.

तिसरे कारण शरीराचे. जेम्स अॅशर या मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात भाषा शिकवण्याची एक पद्धत मांडली. तीत शिकणारा आधी बोलत नाही, तो ऐकतो आणि ऐकलेली कृती करतो. 'वाक', 'उकिडवा बस', 'लंगडी घाल', 'टाळी वाजव', 'हळूच डोकाव' अशा आज्ञांचा खेळ मराठी घरात सहज खेळता येतो. बोलायला लाजणाऱ्या मुलालाही त्यात भाग घेता येतो, कारण चुकले तरी हसू येते, रडू येत नाही.

भोंडल्याची खिरापत

हे सारे परदेशी संशोधकांनीच शोधून काढले, असा समज करून घेण्याचे कारण नाही. मराठी मुलुखात शब्दांचे खेळ पूर्वापार आहेत. नवरात्राच्या दिवसांतील भोंडला हे त्याचे उत्तम उदाहरण. पाटावरील हत्तीभोवती फेर धरून गाणी झाली, की खिरापत ओळखण्याचा कार्यक्रम सुरू होतो. डबा झाकलेला असतो आणि मुली विचारतात: गोड आहे की तिखट? तळलेली की भाजलेली? कोरडी की रसाची? करंजी, साटोरी, मोहनथाळ, भडंग अशी नावांची सरबत्ती होते. शब्दशिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर हा वर्गीकरणाचा अत्यंत बारकाईचा खेळ आहे. पदार्थाचे नाव, त्याची चव आणि त्याची कृती या तीन गोष्टी मुलीच्या मनात एकमेकींना जोडल्या जातात.

भेंड्यांचेही तसेच. गाण्यांच्या भेंड्या सर्वांना ठाऊक आहेत. नुसत्या शब्दांच्या भेंड्या लहान मुलांसाठी अधिक सोयीच्या. एकाने 'कमळ' म्हणायचे, पुढच्याने शेवटच्या अक्षरावरून शब्द सांगायचा. 'ळ'ने सुरू होणारा शब्द मराठीत सापडत नाही, म्हणून तेथे 'ल' चालतो. 'ण'ऐवजी 'न' चालतो. खेळाचा हा नियम मान्य करता करता मुलाला आपल्या भाषेचे एक वैशिष्ट्य नकळत समजते. 'नाव-गाव-फळ-फूल' हा कागदावरचा खेळ थोड्या मोठ्या मुलांचा. त्यात भांडे, भाजी, पक्षी, अवजार असे रकाने वाढवले की आजी-आजोबा हमखास जिंकतात आणि जिंकण्यासाठी नातवंडे त्यांच्याकडून शब्द उसने मागू लागतात.

कोड्यांचे महत्त्व याहून वेगळे. नारळाचे कोडे घालायचे तर शेंडी, करवंटी, खोबरे आणि शहाळे या शब्दांशी खेळावे लागते. मुलाने उत्तर शोधण्यापुरते थांबू नये, स्वत:ही कोडे रचावे. वस्तूचे नाव न घेता तिचे वर्णन करायचे म्हणजे विशेषणे लागतात: खरखरीत, गुळगुळीत, चिकट, ठिसूळ, तुरट, लवचीक. रोजच्या बोलण्यात 'छान' आणि 'बोअर' या दोन विशेषणांवर भागवणाऱ्या मुलाला ही फार मोठी भर आहे.

घरच्या घरी पाच खेळ

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. जुनी पाकिटे, रिकामे डबे, कापलेले पुठ्ठे आणि रोजची पंधरा मिनिटे एवढे भांडवल पुरते.

जादूची पिशवी : कापडी पिशवीत पळी, गाळणी, रवी, चिमटा, झारा, कुंचा अशा वस्तू ठेवाव्यात. मुलाने आत हात घालून, न पाहता, स्पर्शावरून वस्तूचे वर्णन करावे आणि मग नाव सांगावे. एका वेळी नव्या वस्तू तीन-चारच असाव्यात, बाकीच्या ओळखीच्या.

तीन टोपल्या : 'तो', 'ती' आणि 'ते' अशा तीन टोपल्या मांडून चित्रांचे पत्ते त्यांत टाकायचे. आंबा पहिल्या टोपलीत, चिंच दुसऱ्या आणि केळे तिसऱ्या. पत्ता टाकताना पूर्ण वाक्य म्हणण्याची अट असावी: 'तो पिकलेला आंबा', 'ती आंबट चिंच', 'ते सोललेले केळे'. विशेषणही लिंगाप्रमाणे बदलते, हे व्याकरणाचे नाव न घेता अंगी बाणते.

लपलेला ससा : एखादे खेळणे लपवायचे आणि मुलाने प्रश्न विचारत ते शोधायचे. उशीखाली आहे का? दाराआड? कपाटामागे? डब्यात? फळीवर? मुलाला सामान्यरूप हा शब्दही ठाऊक नसतो, पण त्याची पंचवीस उदाहरणे तोंडातून निघून गेलेली असतात.

जोड्या जुळवा : एका पत्त्यावर प्राणी, दुसऱ्यावर त्याचे पिल्लू. गायीचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोड्याचे शिंगरू, हरणाचे पाडस, सिंहाचा छावा. पत्ते पालथे ठेवून दोन-दोन उघडायचे. पुढच्या आठवड्यात समूहांचे पत्ते करावेत: किल्ल्यांचा जुडगा, द्राक्षांचा घोस, मेथीची जुडी, लाकडांची मोळी, पक्ष्यांचा थवा, भाकऱ्यांची चवड, मडक्यांची उतरंड. शाळेत ही यादी परीक्षेपुरती पाठ होते. पत्त्यांच्या डावात ती वर्षभर वापरात राहते.

मराठी हाऊजी : 1 ते 90 या अंकांचा हाऊजी घरोघरी खेळला जातो. आकडे मराठीतून पुकारले की झाले. एकोणसाठ म्हणजे 59 आणि एकोणसत्तर म्हणजे 69, हे कळल्याशिवाय घर खोडता येत नाही. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशा पद्धतीचे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. मराठी संख्यानामे मुलांना अवघड जातात, हे त्या वादाच्या दोन्ही बाजूंना मान्य होते. सरावाने ती सोपी होतात आणि सरावासाठी हाऊजीसारखा खेळ नाही.

अक्षरांची अडचण, अक्षरांची गंमत

इंग्रजीतील खेळ जसेच्या तसे उचलून मराठीत आणले की मात्र घोटाळा होतो. स्क्रॅबलमध्ये एका सोंगटीवर एक अक्षर असते आणि सव्वीस अक्षरांत काम भागते. देवनागरीत व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी, उकार जोडून नवी रूपे तयार होतात आणि जोडाक्षरांची गणती वेगळीच. 'प्रार्थना' या शब्दात सोंगट्या किती धरायच्या? 'प्रा', 'र्थ' आणि 'ना' अशा तीन, की प्रत्येक व्यंजन आणि स्वर वेगळा काढून आठ?

मराठी बोलणाऱ्याच्या कानाला शब्दाचे तुकडे अक्षरांतच ऐकू येतात. त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी अक्षर हाच एकक धरावा, हे उत्तम. टाळ्यांचा खेळ येथे उपयोगी पडतो. 'ना-र-ळ' तीन टाळ्या, 'पे-रू' दोन टाळ्या. पुढे बाराखडीचे पत्ते करून 'क'च्या जागी 'का', 'कि', 'कु' ठेवत शब्द कसा बदलतो, हे पाहता येते. 'काम', 'कान', 'खान', 'पान', 'मान' असे एकेक अक्षर बदलत जाण्याची शिडी मुलांना फार आवडते. जोडाक्षरे मात्र मुलांची पकड बसल्यावरच आणावीत.

घरची बोली, शाळेची मराठी

'मातृभाषा' म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रमाण मराठी येते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातच असंख्य मुलांची घरची भाषा निराळी आहे. मेळघाटातील कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील, तर गडचिरोली परिसरातील गोंडी द्राविडी कुळातील. या मुलांना शाळेतील मराठी ही जवळजवळ नवी भाषा असते. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलालाही पुस्तकातील शब्द कधी कधी परके वाटतात.

ही जाण महाराष्ट्रातील बालशिक्षणाला नवी नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. पुढे ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्या साथीने 1945 पासून बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम उभे केले. माँटेसरी पद्धतीची विकत आणलेली साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यामुळे शिंपले, बिया, पाने, दगड, मातीची खेळणी हीच शिक्षणाची साधने झाली. शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच पाड्यावर नेण्यात आली. मूल ज्या वस्तू रोज हाताळते, त्यांच्यापासूनच त्याचे शिक्षण सुरू व्हावे, हा त्यामागील विचार होता.

शब्दांचे खेळ खेळताना हे सूत्र आजही लागू पडते. एकाच चित्रासाठी घरच्या बोलीतील शब्द आणि पुस्तकातील शब्द असे दोन्ही मान्य करावेत. 'हे चूक, ते बरोबर' म्हटले की मूल गप्प होते. 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' असे विचारले की ते बोलू लागते आणि वर्गाला एक शब्द जास्तीचा मिळतो.

धोरण आणि व्यवहार

सरकारी धोरणही आता याच दिशेने बोलते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा अथवा घरची भाषा हे माध्यम असावे, असे म्हटले. 2022 च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने 3 ते 8 वर्षे वयोगटासाठी खेळ हा शिक्षणाचा आधार मानला आणि 2023 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने खेळणी, कोडी, चित्रपत्ते यांचा समावेश असलेला 'जादुई पिटारा' सादर केला. महाराष्ट्र विधिमंडळाने 2020 मध्ये कायदा करून राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय अनिवार्य केला. 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला.

कायद्याने तासिका मिळते. त्या तासिकेत काय करायचे, हे मात्र शिक्षकालाच ठरवावे लागते. चाळीस मुलांच्या वर्गात पत्त्यांचा डाव मांडणे सोपे नाही, गोंगाट होतो आणि अभ्यासक्रम मागे पडण्याची धास्ती असते. त्यावर उपाय म्हणजे पाच-पाच मुलांचे गट, प्रत्येक गटाला एक संच आणि तासाच्या अखेरची दहा मिनिटे. खेळानंतर नवे शब्द वापरून एखादी गोष्ट सांगायला लावली, तरच ते शब्द पत्त्यावरून बोलण्यात उतरतात. उत्तर अमेरिकेत महाराष्ट्र मंडळांच्या आधाराने चालणाऱ्या मराठी शाळांना हे पथ्य अधिकच पाळावे लागते. मुले आठवड्यातून एकदा येतात, उरलेले दिवस घरच्या जेवणाच्या टेबलावरच मराठी टिकवायची असते.

खेळाचा पाठ होऊ नये

पालकांनी काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. खेळाला परीक्षेचे रूप देऊ नये. पाहुण्यांसमोर 'सांग बरं, याला काय म्हणतात?' असे विचारून मुलाला ओशाळवाणे करू नये. त्याने 'ते खिडकी' म्हटले तर टोकण्याऐवजी 'हो, ती खिडकी उघडीच आहे' असे सहज म्हणून योग्य रूप कानावर घालावे. मोबाइलवरील शब्दखेळ वापरायला हरकत नाही, मात्र यंत्र 'शाब्बास' म्हणते तेव्हा संवाद तेथेच संपतो, तर आजी 'आमच्या वेळी अशी परात मोठी पितळेची असायची' म्हणते तेव्हा तो सुरू होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिकलेला शब्द घरात वापरात राहिला पाहिजे. मुलाने कष्टाने 'चिरणे' शिकायचे आणि आईवडिलांनी 'कट' करत राहायचे, असे झाले तर खेळ वाया गेला म्हणून समजावे.

पुढच्या रविवारी आजी पुन्हा मेथी निवडायला बसेल. तेव्हा नातवाने परात अचूक पुढे केली आणि वर विचारले, "आजी, ही मेथीची जुडी आहे की मोळी?" तर आजीच्या चेहऱ्यावर जे हसू उमटेल, त्याला कोणत्याही प्रगतिपुस्तकात रकाना नाही. पंधरा मिनिटांचा खेळ आणि चार-दोन पुठ्ठ्यांचे तुकडे एवढ्यावर ते मिळत असेल, तर आजच्या संध्याकाळी डाव मांडून पाहायला काय हरकत आहे?